जाळीच्या अलीकडे

पोस्टमनला घराचा नंबर कळत नाही, पायरी कळते, असं काका म्हणायचे. नंबराचं काय, रंगाऱ्याने एक हात मारला की पाटी गेली. पायरी कुठे जाणार आहे? म्हणून टपाल वाटायच्या बीटवरच्या घराघराला त्यांनी आपल्या मनाने नाव ठेवलं होतं. हललेल्या फरशीचं घर. कुत्रं झोपतं त्या ओट्याचं घर. वाकड्या कठड्याचं घर. माणसं मात्र त्यांच्या ध्यानात म्हणून राहायची नाहीत. चारचौघांत कुणी हसून नमस्कार केला की ते काकूला कोपराने ढोसायचे, "कोण गं हे?" काकूने नाव सांगावं, नातं सांगावं, चेहरा कोरा तो कोराच. मग ती हळूच म्हणायची, "अहो, वाकड्या कठड्याचे." की लगेच त्यांचा चेहरा उजळायचा. "मग असं सांग ना आधी. नावं काय सांगत बसतेस."

स्वतःचं घरही त्यांच्या लेखी तीन लाल पायऱ्यांचं घर होतं. काकूचं आणि त्या पायऱ्यांचं कधी पटलं नाही. लाल कोब्याच्या पायऱ्या, पुसल्या की निसरड्या, न पुसल्या की कळकट. मधली बोटभर उंच, त्यामुळे नवखा माणूस हटकून तिथे ठेचकाळायचा आणि घरात शिरायच्या आधीच घराच्या नावाने खडे फोडायचा. काका मात्र ड्यूटीवरून आले की त्याच मधल्या पायरीवर बसून बूट काढायचे. आतून काकू ओरडायची की खुर्च्या काय शोभेला मांडल्यात का. ते बाहेरून म्हणायचे, खुर्ची घरात, मी अजून बाहेर. बूट निघाले की घरी आलो.

गेल्या वर्षी त्यांच्या डोक्यात रक्त साकळलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, हात वाचले. पाय गेले. आठवणींचं मात्र गेल्या की राहिल्या हे धड सांगता येईना. एखाद्या दिवशी दहा वर्षांपूर्वीचा भाजीवाला आठवायचा आणि सकाळी काय खाल्लं ते नाही. दवाखान्यातून त्यांना उपचार केंद्रात ठेवलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. काकू रोज दुपारी जायची. काका तिच्याकडे जरा वेळ बघत राहायचे. ती पिशवी टेबलावर आपटायची, पंख्यावरच्या धुळीबद्दल केंद्राचा उद्धार करायची, आणि मग त्यांच्या तोंडावर ओळख उमटायची. "तू होय," ते म्हणायचे. आणि त्यापाठोपाठ, "घरी कधी जायचं?"

हा प्रश्न ते रोज विचारत. काकूला उत्तर रोज नव्याने बनवावं लागे.

कारण घोडं अडलं होतं त्या तीन पायऱ्यांवर. केंद्रातल्या व्यायामवाल्या बाई घर बघायला आल्या होत्या. त्या पायऱ्यांसमोर उभ्या राहिल्या, दाराच्या उंबऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. म्हणाल्या, इथून खुर्ची जायची नाही. चार माणसांनी उचलून नेऊ असं म्हणू नका, चार माणसं रोज कुठून आणणार, आणि एकदा हातून निसटले तर पुन्हा सावरणं आमच्याही हातात नाही. चाक न अडता आत गेलं पाहिजे, दारासमोर खुर्ची सपाटीवर उभी राहिली पाहिजे. तेवढं करा, मी स्वतः पाठवते त्यांना.

लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. तिने फोनवर सुचवलं की घडीच्या फळ्या मिळतात, पायऱ्यांवर टाकायच्या आणि काम झालं की उचलून ठेवायच्या. गवंडी म्हणाला, पायऱ्या राहू देत, बाजूने एक उतरण काढू, भिंतीला लगटून, मागच्या खिडकीपासून वळवून आणू. या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. उंच, किडकिडीत आणि उभा राहिला की एका बाजूला झुकलेला. भिंत सरळ आहे की नाही ते बघायच्या दोरीचं नाव असल्या माणसाला कुणी दिलं कोण जाणे, पण ज्याने दिलं तो रसिक असला पाहिजे.

काकूने दोघांचंही ऐकून घेतलं आणि दोन्ही नाकारलं.

"बाजूने सामान जातं," ती ओळंब्याला म्हणाली. "गॅसची टाकी जाते. ज्याचं घर तो समोरच्या दारातून येईल. आणि असा येईल की येणाऱ्याला कळता कामा नये, इथे कधी काही चढावं लागत होतं."

ओळंब्याने डोकं खाजवलं. चढाच्या प्रत्येक इंचाला एक फूट लांबी लागते काकू, तो म्हणाला. तुमचं जोतं चांगलं दीड फूट उंच. अंगण अख्खं उचलावं लागेल, फाटकापासून.

"मग उचल," काकू म्हणाली.

त्याने अंगण उचललं. आधी पायऱ्या फोडल्या. काकू दारात उभी राहून बघत होती, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. आयुष्यभर जिच्याशी भांडलो ती सासू एकदाची तीर्थाला निघावी, तसं. मग उंबरा निघाला. दार मोठं झालं, चौकट मागे सरली. मुरूम आला, ट्रॉलीवर ट्रॉली, आणि तो ठोकून बसवायच्या धुमसाचे दणके बसू लागले तशी कपाटातली भांडी किणकिणू लागली. घराच्या भिंतीला मुरूम टेकला तर ओल चढेल म्हणून ओळंब्याने वीतभर जागा सोडून तिथे खडी भरली. दारासमोर सपाट चौथरा सोडला आणि त्याच्यापुढे फाटकापर्यंत इतका हळुवार उतार काढला की चेंडू ठेवला तर तो आधी विचार करायचा आणि मग घरंगळायचा.

खरी भीती पाण्याची होती. आजवर पाऊस पायऱ्यांवरून खाली जात होता. आता दार आणि चौथरा एका पातळीत म्हटल्यावर तिरप्या सरीचं पाणी सरळ पाहुण्यासारखं आत येणार. म्हणून दाराच्या अगदी पुढे, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, ओळंब्याने आडवी नाली काढली, तिच्यावर लोखंडी जाळी बसवली आणि खालून पाइप घालून तो कोपऱ्यातल्या शोषखड्ड्यात सोडला. काम झाल्यावर तो मागे होऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिला, मुलगी सजवल्यासारखा.

काकूने केंद्रातून एक जुनी चाकाची खुर्ची मागून आणली होती. तिच्यात ती स्वतः बसली, फाटकातून चाकं ढकलत वर आली, धापा टाकत, आणि ऐन दारात खुर्ची अशी गचकली की काकूचा चष्मा घरात पोचला आणि काकू बाहेर राहिली. पुढचं छोटं चाक जाळीच्या फटीत रुतलं होतं. ओळंब्याने जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने बसवल्या होत्या. पाणी छान जातं म्हणून.

"पाण्याला घरी आणायचंय का रे मला?" काकूने विचारलं.

तो मान खाली घालून हसला. जाळी उलटी करून मागवली, पट्ट्या आडव्या आल्या. या खेपेला काकू सर्रकन आत गेली, थेट जेवायच्या टेबलापर्यंत, आणि तिथे तिला एकदम रडू फुटलं. ओळंबा घाबरून विचारू लागला, आता काय अडकलं? ती म्हणाली, काही नाही रे, काहीच अडकलं नाही, म्हणूनच. मग त्यांनी नळाला पाइप लावून दारावर पाणी सोडलं. पाणी खळाळत आलं, जाळीशी थबकलं आणि खाली गेलं. आतली फरशी कोरडी ठणठणीत.

केंद्रातल्या नर्सने बजावलं होतं की ओळखीच्या वस्तू नजरेसमोर राहू द्या. आठवण खुंट्यांवर टांगलेली असते म्हणाली, खुंटी काढू नका. काकूने ते अक्षरशः पाळलं. काकांची खुर्ची जिथे होती तिथेच. रेडिओ, चष्म्याचं घर, दाराआड टांगलेली खाकी पिशवी, भिंतीवर मागे पडणारं घड्याळ. लेक घर लावायला आली तेव्हा तिने ते घड्याळ दुरुस्त करून आणू का विचारलं, तर काकूने हातच धरला. तसंच मागे पडू दे त्याला. घरात एक टाचणी हलली नव्हती. दाराबाहेरचं कुणाच्या ध्यानीमनी आलं नाही. बाहेरचं ते काय, बाहेरचं तर नुसतं चांगलं झालं होतं.

ज्या दिवशी काका यायचे त्या दुपारी ओळंबा इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला. काम नव्हतं, नुसतं बघायला. लेक केंद्राच्या गाडीतून काकांबरोबर येत होती. काकूने दार सताड उघडून ठेवलं आणि जाळीच्या आत उभी राहिली, तिथूनच त्यांना समोरून येताना बघता येणार होतं.

गाडी थांबली. गाडीवाल्याने मागची उतरती फळी खाली टाकली, काका खुर्चीसकट उतरले. नवा शर्ट, भांग पाडलेला. लेक खुर्ची ढकलायला गेली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि स्वतःच्या हाताने चाकं फिरवत फाटकातून आत आले. उतारावर क्षणभर थांबले, पुन्हा चाकं फिरवली, आणि कुठे न अडखळता थेट दारापर्यंत आले. ओळंबा कुजबुजला, "लोण्यासारखे आले, काकू."

जाळीशी येऊन काकांनी ब्रेक लावला.

त्यांनी दार पाहिलं. चौकट पाहिली, जाळी पाहिली. मग वर बघून काकूकडे पाहिलं, आणि ते हसले. ते हसू काकूने आयुष्यात कितीदा तरी पाहिलं होतं, पण ते कधी तिच्यासाठी नव्हतं. ते दुसऱ्यांच्या दारातलं हसू होतं.

"ताई," ते म्हणाले, "जरा पाणी मिळेल का?"

काकूला वाटलं, थट्टा आहे. इतक्या महिन्यांनी घरी आलेला माणूस, करत असेल थट्टा. ती म्हणाली, "अहो, या की आत. आत बसून प्या."

"नको नको. इथेच बरा आहे."

त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. नोकरीत उभी हयात गेली, पण कुणाच्याही उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. लोक आग्रह करत, ऊन आहे, बसा घटकाभर. ते दारातच पाणी पीत, दारातच चहा घेत, दारातच कुणाच्या घरी मूल झाल्याचं ऐकून आनंद करत. दार म्हणजे हद्द. आता उंबरा नव्हता, पण माणसाला हद्द लागतेच. त्यांनी जाळीला उंबरा मानलं आणि तिच्या अलीकडे थांबले.

काकूने पाणी आणलं. लेक खुर्चीमागून म्हणाली, "बाबा, आपलं घर आहे हे."

काकांनी मान वळवून मुलीकडे पाहिलं, जरा कीव केल्यासारखं. "आपलं घर तीन लाल पायऱ्यांचं," ते म्हणाले. "इतके दिवस बाहेर राहिलीस तर घरही विसरलीस? चल, पाणी पिऊन निघू. आई वाट बघत असेल."

"बाबा, ही काय आई. समोर उभी आहे."

काका इतके ओशाळले की त्यांना भांडं कुठे ठेवावं ते सुचेना. त्यांनी आवाज खाली आणला. "असं बोलू नये. त्यांना काय वाटेल?"

तेव्हा काकूला कळलं. एकदम नाही कळलं; थंडी वर चढत जाते तसं पायापासून कळत गेलं. केंद्रात ती भेटायला येणारी बाई होती, म्हणून बायको होती. इथे ती या घरातली बाई होती. आणि काकांच्या डोक्यात माणसं कधी सुटी नव्हतीच, घरांना बांधलेली होती. कुणी वाकड्या कठड्याचे, कुणी हललेल्या फरशीचे. त्यांची बायको तीन लाल पायऱ्यांची. पायऱ्या मुरुमाखाली गेल्या, त्यांच्याबरोबर तीही गेली. आणि गाडायला लावणारी तीच. फळ्या नकोत म्हणणारी ती, बाजूची उतरण नको म्हणणारी ती. येणाऱ्याला कळता कामा नये म्हणाली होती; शब्द न् शब्द खरा झाला.

लेक थकलेली होती, प्रवासाने आणि महिन्यांच्या काळजीने. तिने ब्रेक काढला आणि खुर्ची आत लोटली. एकदा आत गेले, आपली खुर्ची, आपला रेडिओ बघितला की येईल सगळं ध्यानात, असा तिचा हिशेब. चाकं जाळीवर चढली मात्र, काकांनी दोन्ही हातांनी चौकट धरली. तोंडातून असा आवाज निघाला की शेजारच्या खिडक्या उघडल्या. ते ओरडत होते की परक्याच्या घरात मला कोंबू नका, मी तसा माणूस नाही, माझी नोकरी जाईल. आतलं सगळं तिथून दिसत होतं, घड्याळ, पिशवी, सगळं; पण भीतीने वेढलेल्या माणसाला काय दिसणार. काकू ओरडली, "सोड. सोड त्यांना." लेकीने खुर्ची मागे घेतली. बोटं चौकटीवरून सुटायला वेळ लागला.

मग काकांनी खुर्ची फाटकाकडे वळवली आणि दाराला पाठ करून, पुन्हा ब्रेक लावून बसले. काकांचा श्वास हळूहळू खाली बसला. लेक फाटकाशी जाऊन केंद्राशी फोनवर बोलली. तिकडून सांगितलं की जबरदस्ती करू नका, बसू द्या जरा वेळ. अंधार पडेपर्यंत घरात आले नाहीत तर आज त्याच गाडीने परत आणा, पुढचं पुढे बघू. गाडीवाला भला होता, म्हणाला, मी थांबतो, मला घाई नाही. पण पुढचं पुढे म्हणजे काय, ते काकूला चांगलं ठाऊक होतं. एकदा परत गेलेल्या माणसाला पुन्हा घरी पाठवायचा कागद निघत नाही. ज्याला घर सोसत नाही त्याला केंद्रच बरं, असं ठरतं, आणि मग दुपारच्या भेटी उरतात, मरेपर्यंत.

ओळंबा इस्त्रीच्या शर्टात भिंतीशी उभा होता. तो काकूजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मी पायऱ्या परत बांधून देतो काकू. होत्या तशा. मधली उंच पण करतो."

"आणि ते चढतील कसे?"

ओळंब्याने खाली वाकून जाळीतला एक पालापाचोळ्याचा तुकडा उचलला, खिशात घातला, आणि कुणाचा निरोप न घेता गेला.

उन्हं उतरली तसं आभाळ भरून आलं. या दिवसांत पाऊस यायचा नसतो, पण त्याला कुणी विचारलं होतं? सर आली, तिरपी, चांगली जोराची. घराला वरून पुढे आलेलं छप्पर हातभर. तेवढ्याने काकांचे खांदे झाकले जात होते, गुडघे नाही. पाणी चौथऱ्यावरून आलं, जाळीशी थबकलं आणि खाली गेलं. दार सताड उघडं होतं आणि आत एक थेंब नव्हता. कौतुक करायला कुणी नव्हतं.

काकू छत्री घेऊन बाहेर आली. आतलं स्टूल तिने त्यांच्या शेजारी ठेवलं, जाळीच्या अलीकडे, आणि बसली. छत्री त्यांच्या गुडघ्यांवर धरली. लेक दारात उभी राहिली, फोन हातात घट्ट धरून.

"तुम्ही कशाला भिजताय?" काका म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"मला काही होत नाही," काकू म्हणाली. "तुमच्या घरी वाट बघत असतील."

"बघत असेल." ते पावसाकडे बघत राहिले. "आमची ही तोंडाची फटकळ आहे. उशीर झाला की दारातच उभी राहून सुरू करते. पण जेवत नाही. विचारलं तर म्हणते, भूक नव्हती. मी म्हणतो, बरं." ते जरासे हसले. "मला कळतं, भूक होती ते. पण तसं कधी बोललो नाही. काय बोलायचं? तिला वाटतं, मला कळत नाही. वाटू दे."

काकूने छत्री या हातातून त्या हातात घेतली. मधल्या वेळेत तिने तोंड दुसरीकडे फिरवून घेतलं.

"तुम्ही एकट्याच असता इथे?" काकांनी विचारलं.

"हल्ली एकटीच."

"आणि तुमचे मालक?"

खरं सांगावं तर तो पुन्हा आवाज, पुन्हा ती बोटं चौकटीवर. खोटं सांगावं तर कुठलं, हेही कळेना. शेवटी तिने जे होतं ते सांगितलं.

"बाहेर गेलेत. बरेच दिवस झाले."

"येतील ना?"

"येतील," काकू म्हणाली. "वाट बघतेय."

काकांनी मान वळवून दाराकडे नीट पाहिलं. पोस्टमनच्या नजरेने, वरपासून खालपर्यंत. त्यांना ते पसंत नव्हतं. "असलं दार कधी बघितलं नाही," ते म्हणाले. "पायरी नाही, उंबरा नाही. कुणीही घरंगळत आत येईल. आणि बाईमाणूस एकटं." ते जरा वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर ते येईपर्यंत मी थांबतो. सोबतीला."

काकू उठली, स्टूल उचललं, आत गेली आणि जाळीच्या पलीकडे उभी राहिली. पाहुण्याशी बोलतात तसा आवाज काढला.

"सोबत करायची तर आत या. पावसात बसून कसली सोबत."

"ते आल्यावर काही म्हणणार नाहीत?"

"नाही म्हणायचे. माणूस चांगला आहे."

काकांनी मान डोलावली, पण ब्रेकला हात घातला नाही. आधी लेकीला जवळ बोलावलं. तिला म्हणाले, "तू हो पुढे. आईला सांग, मी एका घरी थांबलोय, कामच तसं आहे. उशीर होईल. तिला म्हणावं, माझ्यासाठी थांबू नकोस, जेवून घे."

लेकीने आईकडे पाहिलं. काकूने मान डोलावली.

"सांगते बाबा," लेक म्हणाली, आणि छत्री न घेताच फाटकाकडे गेली, गाडीवाल्याला जा म्हणून सांगायला.

मग काकांनी ब्रेक काढला. चाकं हाताने फिरवून खुर्ची दाराकडे वळवली आणि जाळीवरून आत आले. काही गचकलं नाही, काही अडकलं नाही. आत येऊन ते भिंतीशी थांबले, दुसऱ्याच्या घरात थांबावं तसे, कशाला हात न लावता. आपल्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं आणि नजर काढून घेतली. मालकाची असणार ती.

काकू दार लावायला वळली.

"लावू नका," काका म्हणाले. "उघडं राहू द्या. ते आले तर त्यांना लांबून दिसलं पाहिजे."

काकूने दार सोडलं. बाहेर पाऊस पडत होता. चौथऱ्यावरचं पाणी जाळीपर्यंत येत होतं आणि खाली जात होतं, आणि उघड्या दारातून आत नुसता वारा येत होता. तिने त्यांच्या गुडघ्यांवर टॉवेल टाकला, आणि मग ते दोघं दाराकडे तोंड करून बसले.